फुप्फुसाबाहेरचा टीबी आणि सोनोग्राफी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः ओपीडीत सोनोग्राफी लिहून देणाऱ्या आणि करणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या नातेवाइकांनाही यातलं बरंचसं कळेल. काही प्रश्न त्यांच्याकडूनच येतात.

सोनोग्राफीत टीबी दिसतो का?

नाही. सोनोग्राफीत पाणी, गाठी, डाग आणि जाड झालेले पडदे दिसतात. त्यामागे टीबीचा जंतू आहे की कॅन्सर, टायफॉइड की आणखी काही, हे प्रोब (यंत्राचा अंगावर फिरवायचा भाग) सांगू शकत नाही. म्हणून रिपोर्टवर 'टीबी' असं निदान म्हणून लिहिलं जात नाही. 'टीबीची शक्यता, नमुना घेऊन खात्री करावी' असं लिहिलं जातं, आणि त्यातला दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. सोनोग्राफीचं खरं काम दोन प्रकारचं : कुठे बघायचं ते सांगणं आणि सुई कुठे घालायची ते दाखवणं.

छातीचा एक्स-रे साफ आहे. मग टीबी कसा असेल?

असू शकतो. आपल्या देशात नोंद होणाऱ्या दर पाच रुग्णांपैकी साधारण एकाचा टीबी फुप्फुसाबाहेर असतो : मानेतल्या गाठी, छातीतलं पाणी, पोट, मणका, मेंदूचं आवरण, मूत्रमार्ग, गर्भनलिका. जुनी माणसं ज्याला गंडमाळ म्हणत, ती बहुतेकदा मानेतल्या गाठींचा टीबीच असे. या रुग्णांना खोकला असेलच असं नाही. थुंकी तपासून काही मिळत नाही, कारण जंतू तिथे नसतातच. महिनाभराचा संध्याकाळचा ताप, घटलेलं वजन आणि साफ एक्स-रे हे तिन्ही एकत्र आले की पोटावर प्रोब ठेवून बघावा.

'फॅश' म्हणजे काय?

एचआयव्हीसोबतचा टीबी शोधण्यासाठी ठरवून दिलेली, मोजक्याच जागा बघणारी सोनोग्राफी. ही पद्धत दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांताच्या ग्रामीण भागात आकाराला आली. तिथे एचआयव्ही आणि टीबी दोन्ही प्रचंड, आणि रेडिओलॉजिस्ट जवळपास नाहीच. वॉर्डातल्या डॉक्टरांना छोटं प्रशिक्षण देऊन हे तंत्र शिकवलं गेलं. त्यावरचे पहिले लेख २०१० च्या सुमारास आले.

याचे दोन टप्पे आहेत. 'बेसिक'मध्ये फक्त पाणी शोधायचं : हृदयाभोवती, दोन्ही बाजूंना छातीत, पोटात. 'प्लस'मध्ये पोटातल्या दीड सेंटिमीटरहून मोठ्या गाठी आणि यकृत-प्लीहेतले काळे डाग शोधायचे. बेसिक कोणताही डॉक्टर थोड्या सरावाने शिकतो. प्लसला हात बसायला वेळ लागतो.

अपघातग्रस्तांच्या पोटातलं रक्त शोधण्यासाठी 'फास्ट' नावाची तपासणी कॅज्युअल्टीत सर्रास होते. फॅश तिचीच धाकटी बहीण.

नेमकं कुठे आणि कसं बघायचं?

कर्व्ह प्रोब (गोलसर तोंडाचा, खोलवर बघणारा), २ ते ५ मेगाहर्ट्झ. रुग्ण उताणा. पूर्ण तपासणीला सरावलेल्या हाताला दहा मिनिटं पुरतात.

सुरुवात छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून. प्रोब आडवा, जवळजवळ पोटाला समांतर झोपवायचा आणि रुग्णाच्या डाव्या खांद्याकडे रोखायचा. यकृताच्या खिडकीतून हृदय दिसतं. हृदयाभोवती काळा पट्टा आहे का ते बघायचं. फक्त पुढच्या बाजूला पातळ, करडा, हृदयाबरोबर हलणारा थर असेल तर ती बहुधा चरबी असते. पाणी मागच्या बाजूलाही असतं आणि काळंभोर दिसतं.

मग उजवी कूस, काखेच्या मधल्या रेषेत खालच्या बरगड्यांजवळ. इथे एका जागेवरून तीन गोष्टी मिळतात : छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या (डायफ्रामच्या) वर छातीतलं पाणी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या फटीत पोटातलं पाणी, आणि खुद्द यकृत. छातीत पाणी आहे की नाही हे ठरवायची सोपी खूण म्हणजे मणका. निरोगी फुप्फुसात हवा असते, त्यामुळे मणक्याची पांढरी रेषा पडद्यापाशी येऊन तुटते. छातीत पाणी असेल तर तीच रेषा पडद्याच्या वर पुढे चालू राहते. ही खूण एकदा डोळ्यात भरली की सहसा चुकत नाही.

डावी कूस जरा अवघड. प्रोब उजवीपेक्षा अधिक मागे आणि अधिक वर न्यावा लागतो. मनगट गादीला टेकलं पाहिजे. इथली नेहमीची फसगत म्हणजे नुकतंच जेवलेल्या रुग्णाचं भरलेलं जठर छातीतल्या पाण्यासारखं दिसणं. आधी पडदा शोधा, मग ठरवा पाणी त्याच्या वर आहे की खाली.

शेवटी ओटीपोट, मूत्राशय भरलेला असताना. पाळीच्या वयातल्या बाईच्या गर्भाशयामागे थोडंसं पाणी असणं नैसर्गिक आहे. तेवढ्यावरून काही ठरवू नये.

गेन (चित्राचा उजळपणा) फार वाढवला तर पाणी करडं दिसतं, फार कमी केला तर सगळंच पाण्यासारखं. मूत्राशय किंवा पित्ताशय आधी बघून त्यातला काळा रंग नीट बसवून घ्या. पुढची निम्मी चुकामूक टळते.

प्लीहेतले डाग मला कधीच का सापडत नाहीत?

कारण बहुतेक जण कर्व्ह प्रोबवरच थांबतात. पंधरा सेंटिमीटर खोलीवर प्लीहा गुळगुळीत, एकसारखी करडी दिसते. मग 'प्लीहा नॉर्मल' लिहून मोकळं व्हायचं.

रुग्णाला उजव्या कुशीवर वळवा, डावा हात डोक्यावर घ्यायला सांगा म्हणजे बरगड्यांमधल्या फटी उघडतात. आता ७ ते १२ मेगाहर्ट्झचा लिनियर प्रोब (सपाट तोंडाचा, वरवरचं बारकाईने दाखवणारा) घ्या, खोली पाच-सहा सेंटिमीटरवर आणा, फोकस तिथेच ठेवा आणि फटीत, बरगड्यांना समांतर प्रोब धरून अर्धा श्वास रोखायला सांगा. तीच प्लीहा आता डागाळलेली दिसू शकते : ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे, कडा अस्पष्ट असलेले काळे ठिपके, सगळीकडे विखुरलेले. मोजमापात साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर. एचआयव्ही असलेल्या, सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) दोनशेच्या खाली, त्यातही शंभरच्या खाली गेलेल्या तापाच्या रुग्णात असं चित्र दिसलं तर पसरलेल्या टीबीचा संशय फार बळावतो.

मात्र लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर), बुरशीचा संसर्ग आणि साल्मोनेलाचे फोड असेच दिसतात. किनारी कर्नाटकात आढळणारा मेलिऑइडोसिस हा ओल्या मातीतल्या जंतूचा आजारही यकृत-प्लीहेत फोड करतो. कोकण-गोव्याच्या बाजूच्या मधुमेही शेतकऱ्याला भात लावणीच्या दिवसांत ताप आणि प्लीहेत फोड असतील तर रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून बघण्याची तपासणी) लावल्याशिवाय टीबीची औषधं सुरू करू नयेत.

'पोटात बारीक गाठी, कॉक्स?' (कॉक्स म्हणजे टीबी) असा रिपोर्ट आला आहे. औषधं सुरू करायची का?

या पानावरचा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असं आहे.

आतड्याच्या पडद्यात गाठी असतातच. पोट दुखणाऱ्या लहान मुलात त्या ठळक दिसतात, पोट न दुखणाऱ्या मुलातही दिसतात. आडव्या, म्हणजे लहान मापात साधारण ८ मिलिमीटरपर्यंतची, लांबोडकी, मधे पांढरी चरबीची रेघ असलेली गाठ निरोगी मानावी. विषाणूजन्य जुलाबानंतर ती थोडी मोठी होते आणि काही आठवड्यांत बसते. 'कॉक्स' हा शब्द प्रश्नचिन्हासकट लिहिला जातो आणि प्रश्नचिन्ह वगळून वाचला जातो. मग मूल सहा महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, घेतं, यकृताच्या तपासण्या करत राहतं, आणि दुखणं मात्र कृमींचं किंवा बद्धकोष्ठाचं असतं.

संशय कधी घ्यायचा? गाठी दीड सेंटिमीटरच्या पुढे गेल्या असतील, गोल झाल्या असतील, एकमेकींना चिकटून गठ्ठा झाला असेल, मध्यभाग काळा पडून विरघळल्यासारखा दिसत असेल, किंवा सोबत पाणी वा आतड्याची जाड भिंत असेल तर. जागाही बघा : यकृताच्या दाराशी, स्वादुपिंडाभोवती, महाधमनीच्या वरच्या भागाजवळ. मोजताना लहान माप लिहा, लांबी नव्हे. रिपोर्टमध्ये फक्त 'मोठ्या गाठी' असेल आणि माप नसेल, तर माप विचारून घ्या.

गाठ समजून भलतंच मोजलं जाण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली, आतड्याचा आडवा छेद : पंधरा सेकंद प्रोब न हलवता थांबा, आतडं हलतं. दुसरी, रक्तवाहिनी : प्रोब नव्वद अंशात फिरवा, वाहिनी लांबट होते, गाठ गोलच राहते. शंका उरली तर कलर डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोय.

मानेतल्या गाठीबद्दल सोनोग्राफी काय सांगते?

इथे लिनियर प्रोब सुरुवातीपासूनच. टीबीकडे झुकणारी चिन्हं : गाठ गोल, मधली पांढरी रेघ नाहीशी, आतला भाग काळा आणि त्याच्या मागे उजळ पट्टा, गाठी एकमेकींत मिसळलेल्या, आजूबाजूची चरबी सुजलेली. डॉप्लरवर रक्तप्रवाह बाजूला ढकललेला किंवा मधे अजिबात नाही.

काळा विरघळलेला भाग दिसला तर पू त्यातून ओढा. पण कडेचा घट्ट भागही सुईत यायला हवा, नाहीतर पॅथॉलॉजिस्टच्या हाती फक्त मृत पेशी लागतात. २२ किंवा २३ गेजची सुई, दोन-तीन फेऱ्या. पू असेल तर निरोगी कातडीतून, वरच्या बाजूने तिरकी सुई घालावी. गळवासारखं थेट चिरलं तर जखम महिनोन्महिने वाहत राहते. चिरा देऊन बांधत बसलेले असे रुग्ण अजूनही येतात.

नमुना घेतला, पण 'कल्चर शक्य नाही' असं सांगितलं. का?

कारण सगळा नमुना फॉर्मलिनमध्ये गेला. ही चूक रोजची आहे आणि पूर्णपणे टाळता येण्यासारखी आहे. फॉर्मलिन जंतू मारतं. त्यात बुडालेल्या तुकड्यावर पेशींची तपासणी होते, कल्चर होत नाही.

सुई घालण्याआधीच टेबलावर दोन डब्या मांडा. एकीत फॉर्मलिन, दुसरीत नुसतं निर्जंतुक सलाइन, तेही तुकडा ओला राहील इतकंच. दोन्हींवर आधीच नाव आणि काय आहे ते लिहा, कारण दोन्ही द्रव पाण्यासारखेच दिसतात. सलाइनची डबी सीबीनाट किंवा ट्रूनॅट (जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासण्या) आणि कल्चरसाठी जाते. ट्रूनॅट हे गोव्यातल्या कंपनीचं यंत्र आता अनेक छोट्या केंद्रांत आहे. या तपासण्यांत रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही तेही कळतं. फॉर्मलिनने ही माहितीही बहुतेकदा गमावली जाते, आणि औषधांना न जुमानणारा टीबी असेल तर पुढचे महिने वाया जातात.

छातीतल्या किंवा पोटातल्या पाण्याची तपासणी कशी वाचायची?

टीबीच्या पाण्यात जंतू फार थोडे असतात. त्यामुळे छातीतल्या पाण्याचं सीबीनाट निगेटिव्ह आलं तरी टीबी नाही असं म्हणता येत नाही. मानेतल्या गाठीच्या नमुन्यात हीच तपासणी कितीतरी चांगली चालते.

पाण्यात लिम्फोसाइट पेशी जास्त, प्रथिनं जास्त आणि एडीए (पाण्यात मोजायचं एक एन्झाइम) ४० च्या वर असेल तर आपल्याकडे टीबीची शक्यता मोठी. पण पू झालेल्या पाण्यात, लिम्फोमात आणि संधिवाताच्या पाण्यातही एडीए चढतं. म्हणून पेशींची विभागणी न बघता नुसता एडीए वाचू नये. पोटातल्या पाण्यासाठी रक्तातलं आणि पाण्यातलं अल्ब्युमिन त्याच दिवशी मोजा. फरक १.१ पेक्षा कमी असेल तर टीबी किंवा कॅन्सरकडे बोट जातं, जास्त असेल तर सिरॉसिस किंवा हृदयाकडे. जलोदर म्हटलं की दारू, असं मनात धरून बसलेल्यांनी ही एक तपासणी तरी करावी.

सोनोग्राफीच्या स्क्रीनवर टीबीचं पाणी क्वचितच स्वच्छ काळं असतं. त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात, प्रोबने हलकं दाबलं की ते डुलतात. हे धागे सोनोग्राफीत सीटी स्कॅनपेक्षाही स्पष्ट दिसतात.

बाईच्या पोटात पाणी आहे आणि सीए-१२५ वाढलंय. कॅन्सरच ना?

घाई नको. पोटाच्या आवरणाच्या टीबीतही सीए-१२५ (बीजांडाच्या कॅन्सरसाठी बघतात ती रक्तचाचणी) वाढतं, कधीकधी खूप. पाणी, जाड झालेलं आवरण, बीजांडाजवळ गोळा आणि चढलेलं सीए-१२५, हे सगळं दोन्ही आजारांत जुळतं. सोनोग्राफीच्या मदतीने आवरणाचा किंवा जाड चरबीच्या पडद्याचा तुकडा १८ गेजच्या सुईने मिळाला तर मोठं ऑपरेशन टळू शकतं. तो मिळत नसेल तर दुर्बिणीतून.

हृदयाभोवती पाणी आढळलं तर?

आधी धोका बघा, कारण नंतर. रक्तदाब पडलाय, मानेच्या शिरा फुगल्यात, खालची महाशिरा २ सेंटिमीटरच्या पुढे रुंद आणि श्वासाबरोबर आकसत नाही, उजवं हृदय आत चेपलं जातंय, तर ती आणीबाणी आहे. त्याच वेळी हृदयरोगतज्ज्ञाकडे. पाणी एक सेंटिमीटरपेक्षा कमी आणि रुग्ण स्थिर असेल तर पुढच्या तपासण्यांना वेळ आहे.

कुठे सोनोग्राफीवर विसंबू नये?

मेंदू आणि मणका. मेंदूज्वराचा संशय असेल तर पाठीतलं पाणी आणि सीटी किंवा एमआरआय. मणक्याच्या टीबीत सोनोग्राफी पाठीच्या आतल्या सोअस स्नायूतला पू दाखवते आणि तो काढायलाही मदत करते, पण हाड किती खाल्लं गेलंय, मज्जारज्जू दबलाय का, हे एमआरआयच सांगतो. मूत्रपिंडाच्या टीबीत सुरुवातीचे बदल सोनोग्राफीत निसटतात.

लहान मुलांत मात्र एक जादा खिडकी मिळते. गळ्याखालच्या खळगीत छोटा प्रोब ठेवून छातीच्या मध्यभागातल्या गाठी बघता येतात. रडणाऱ्या मुलावर हे जमत नाही. आईच्या मांडीवर, दूध पिऊन झोपलेलं असताना बघावं.

ही तपासणी किती भरवशाची?

२०१९ च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या), एचआयव्ही असलेल्यांमध्ये पोटाच्या सोनोग्राफीने टीबी ओळखण्याचं प्रमाण सुमारे ६३ टक्के आणि टीबी नसलेल्यांना तसं योग्य सांगण्याचं प्रमाण सुमारे ६८ टक्के आलं. हे आकडे बऱ्याच मोठ्या अनिश्चिततेसह आहेत.

हिशेब मांडू. संशयित १०० जण, त्यांतल्या ३० जणांना खरोखर टीबी. सोनोग्राफी १९ जणांना पकडेल, ११ जण सुटतील. टीबी नसलेल्या ७० पैकी साधारण २२ जणांत खोटा इशारा मिळेल. म्हणजे सोनोग्राफीत काहीतरी सापडलेल्या ४१ जणांपैकी निम्म्याहून कमी जणांना टीबी असेल. आणि साफ रिपोर्ट मिळालेल्या ५९ जणांतही ११ जण टीबीचे. रुग्ण एचआयव्ही नसलेला, धडधाकट आणि फक्त पोट दुखतंय म्हणून आलेला असेल तर खोट्या इशाऱ्यांचं पारडं आणखी जड होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या वॉर्डातला नियम आपल्या खासगी ओपीडीत जसाच्या तसा लावू नये तो यासाठी.

वॉर्डात भरती, खूप आजारी, एचआयव्ही असलेल्या रुग्णात मात्र लघवीतली 'लॅम' (टीबीच्या जंतूचा अंश शोधणारी) तपासणी आणि सोनोग्राफी एकमेकींची उणीव बऱ्यापैकी भरून काढतात.

खिशातला प्रोब घेऊन गावोगाव तपासणी का करत नाही?

कायदा आडवा येतो, आणि त्याला सबळ कारण आहे. गर्भलिंग निदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची, जागेची आणि ते वापरणाऱ्याची नोंदणी लागते. मोबाइलला जोडायचा प्रोबही त्यात आला. हलतं यंत्र नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारात भरती रुग्णांसाठी किंवा नियमात बसणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येतं. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी टीबी तपासणाऱ्या केंद्रालाही लागते. यंत्र दुसऱ्या वॉर्डात किंवा शिबिरात नेण्याआधी नोंदणीच्या कागदांत ती जागा आहे का, ते जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडून विचारून घ्या. यंत्राला सील लागल्यावर रुग्णांचेच हाल होतात.

औषधं सुरू झाल्यावर गाठ वाढली. औषध लागू पडत नाही का?

लगेच तसं समजू नका. उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत गाठी मोठ्या होणं, नव्या दिसणं, पाणी वाढणं हे मेलेल्या जंतूंवरच्या शरीराच्या प्रतिक्रियेने होऊ शकतं. एचआयव्हीची औषधं नुकतीच सुरू झाली असतील तर जास्तच. वजन वाढतंय आणि ताप गेलाय, तर गोळ्या चालू ठेवून लक्ष ठेवा. ताप परत आला, वजन घटतंय, तर पुन्हा नमुना आणि रिफाम्पिसिनची तपासणी.

पुन्हा सोनोग्राफी दोन महिन्यांनी आणि उपचार संपताना पुरते. दर पंधरा दिवसांनी नको. शेवटी एखादी लहान गाठ उरली तरी चालते, ती व्रणासारखी असते. मागचा रिपोर्ट सोबत आणा, आणि शक्यतो त्याच केंद्रात करा. दोन यंत्रांवरची, दोन हातांची मापं दोन-तीन मिलिमीटरने सहज चुकतात.

तपासणीला उपाशी यायचं का? खर्च?

पोटासाठी सहा तास उपाशी, पाणी चालेल. सकाळच्या टीबीच्या गोळ्या चुकवू नका. ओटीपोट बघायचं असेल तर तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी रोखून या. मानेच्या किंवा छातीच्या सोनोग्राफीला कसलीच तयारी नाही. किरणोत्सर्ग नाही, गरोदरपणातही चालते, मात्र तेव्हा गर्भलिंग निदान कायद्याचा फॉर्म 'एफ' भरावा लागतो.

निदान पक्कं झालं की उपचार खासगीत असले तरी निक्षयवर (टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर) नोंद करून घ्या. सरकारी औषधं मोफत मिळतात आणि पोषणासाठी महिना १००० रुपये बँक खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० होती. फुप्फुसाबाहेरच्या टीबीलाही ती लागू आहे, हे अनेकांना सांगितलंच जात नाही. चौकशीसाठी टोल फ्री क्रमांक १८००-११-६६६६.